पहाऱ्याच्या चपला

सिस्टरला कोणी आजी म्हटलेलं चालत नसे. काकू, मावशी, ताई, काहीच नाही. ‘मी कोणाची काकू नाही, मी सिस्टर आहे,’ असं ती लिफ्टमध्ये भेटलेल्या परक्या माणसालाही ठणकावून सांगायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, गुडघे गेले, एका कानाने ऐकू येईना, पण सिस्टरपण काही जाईना. मी तिला म्हणायची, ‘‘अगं, मीपण पोस्टाच्या काउंटरवर जन्म काढला. म्हणून काय लोकांनी अजून माझ्याकडे तिकिटं मागायची?’’ त्यावर ती म्हणायची, ‘‘तुझ्याकडे कोण मागणार? तू तेव्हाही सुटे नाहीत म्हणून परत पाठवायचीस.’’

आम्ही दोघी एकाच मजल्यावर राहायचो, सगळ्यात वरच्या. तीन दारं. जिन्याशेजारचं माझं, मधलं तिचं, आणि टोकाचं आमच्या तिसऱ्या मैत्रिणीचं. ती बँकेत होती म्हणून तिला आम्ही बँकवाली म्हणायचो. तिघींचे नवरे थोड्याफार अंतराने गेले आणि तिघींची मुलं पांगली. माझा मुलगा तर इतका लांब गेला की त्याची सकाळ ती माझी संध्याकाळ. पण रडत बसणाऱ्यातल्या आम्ही नव्हतो. समुद्र जवळ, वारा भरपूर, बाजार पायाखाली. आणखी काय पाहिजे?

सिस्टरने उभी हयात हाडांच्या वॉर्डात घालवलेली. तिथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल ती एक गोष्ट नेहमी सांगायची. एका बाईला आणलं होतं, घरात पडलेली, दोन दिवस तशीच. शेजारीपाजारी सगळे घरात होते. कोणाला काही कळलं नाही, कारण दार बंद होतं आणि बंद दाराकडे कोण बघतं! ती बाई वॉर्डातच वारली. ‘‘हाडाने नाही मेली,’’ सिस्टर म्हणायची, ‘‘वाट बघून मेली.’’ हे सांगताना तिचा आवाज बदलायचा.

त्यातूनच तिने आमच्या मजल्याचा कायदा काढला. प्रत्येकीने एक जुना चपलांचा जोड दाराबाहेर ठेवायचा, तो वापरायचा नाही. त्याला आम्ही पहाऱ्याच्या चपला म्हणायचो. रात्री झोपायला जाताना चपलांचं तोंड दाराकडे करायचं. सकाळी उठलं, हातपाय धड आहेत, डोकं ठिकाणावर आहे, की दार उघडून त्यांचं तोंड बाहेर करायचं. दूध घ्यायला जी आधी बाहेर येईल तिने बाकीच्या दोन दारांकडे नजर टाकायची. चपला फिरलेल्या असल्या तर ठीक. नसल्या तर बेल. बेलला उत्तर नाही तर किल्ली. एकमेकींच्या किल्ल्या आमच्याकडे होत्याच. फोन करायचा नाही, आवाज द्यायचा नाही, सकाळी सकाळी कोणाचं तोंड बघायची सक्ती नाही. बँकवालीला हेच फार आवडलं होतं. चहा होईपर्यंत ती माणसात नसायची.

या चपलांचं सिस्टरला एवढं अप्रूप का, ते सांगते. तिची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी होती. चांगली मुलगी, मायाळू, जावईही चांगला. त्यांनी तिच्यासाठी वेगळी खोली करून ठेवली होती. सिस्टर एकदा महिनाभर तिथे राहून आली आणि आल्या आल्या माझ्याकडे येऊन धपकन बसली. ‘‘सगळे फार चांगले आहेत गं,’’ म्हणाली. ‘‘पण मला तिथे कोणी काही विचारत नाही. मी आपली सोफ्यावरच्या उशीसारखी. कोणी आलं की जरा सरळ करायचं.’’ इथे आमच्या इमारतीत तिच्याकडे दिवसभर राबता. कोणाचं प्रेशर बघ, कोणाला इंजेक्शन दे, कोणाच्या पोराच्या गुडघ्याला पट्टी बांध. पट्टी बांधताना शिव्याही द्यायची. माणसं शिव्यांसकट घ्यायची. ते तिचं घर होतं, आणि तिथे एकटीने राहायला या चपलांचा आधार होता.

लेकीने शेवटी एक अट घातली होती. ‘‘आई, राहा तिथे. पण एकदा जरी पडलीस ना, की विषय संपला. मग मी तुझं काही ऐकणार नाही.’’ सिस्टरने कबूल केलं. मला म्हणाली, ‘‘केलं कबूल. पडायचंच नाही, झालं.’’ जसं काही पडणं हे वॉर्डबॉयसारखं, तिला विचारून येणार होतं.

मग बँकवाली गेली. आजारी पडली, हॉस्पिटलात गेली आणि तिथेच गेली. टोकाच्या दाराला कुलूप लागलं. तिचा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला, सिस्टरच्या मांडीवर पालथा पडून इंजेक्शनं घेतलेला. त्याची नोकरी तेव्हा धड चालत नव्हती. आधी त्याने घर भाड्याने द्यायचं ठरवलं. एक एकटा तरुण आणला, तर सोसायटीने सांगितलं, एकटे पुरुष नकोत. मग एक नवराबायको आणले. तो लग्नाकार्यात वाजवणारा, घरी सराव करणार. नको, आवाज होईल. खरं सांगते, त्या दोन्ही बैठकींना मी होते आणि सगळे कसे एकमुखाने बोलले ते मी ऐकलं. शेवटी तो वैतागला. त्याने घरात नवे पलंग टाकले, दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, आणि घर सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला लागला. दोन दिवस हे, तीन दिवस ते.

झालं. तेलही गेलं, तूपही गेलं. आता चाकांच्या बॅगा जिन्यावरून धडाधड वर यायला लागल्या, कारण लिफ्टमध्ये दोनच बसायच्या. जिन्यात वाळू. लिफ्टमध्ये ओले टॉवेल. भलत्या वेळी माझी बेल वाजायची आणि दारात कोणीतरी चड्डीतला माणूस विचारायचा, ‘‘वायफायचा पासवर्ड काय हो?’’ मी सांगायची, ‘‘माझ्याकडे पासवर्ड नाही, लाटणं आहे.’’

आमचे चेअरमन दुसऱ्या मजल्यावर राहतात, फरशांचा धंदा आहे. पाठीमागे त्यांना सगळे ‘ठराव’ म्हणतात, कारण त्यांच्या घरात आमटीत मीठ कमी पडलं तरी ते ठराव मांडतील. त्यांनी पाहुण्यांविरुद्ध मोहीमच उघडली. गेटवर पाटी, लिफ्टमध्ये पाटी, जिन्यात पाटी. बँकवालीचा मुलगा म्हणायचा, ‘‘घर माझं आहे, देखभालीचे पैसे मी भरतो.’’ चेअरमन म्हणायचे, ‘‘इमारत सगळ्यांची आहे, धर्मशाळा नाही.’’ दोघांचंही बरोबर. आणि दोघंही एकमेकांचं ऐकायला तयार नाहीत. मी आपली चेअरमनच्या बाजूची, लपवत नाही. मला माझ्या मजल्यावर बँकवालीचं दार उघडून रोज नवं तोंड बाहेर आलेलं बघवत नव्हतं.

सिस्टर मात्र ना तळ्यात ना मळ्यात. पाहुण्यांना ती जितकी झापायची तितकं कोणीच झापत नव्हतं. पण कोणाला उन्हाने ताप आला, कोणाच्या पायात काच गेली, की हीच पेटी घेऊन पुढे. मी चिडायची. ‘‘तू यांचे लाड करतेस म्हणून हे सोकावतात.’’ ती म्हणायची, ‘‘ताप आलेल्याला मी आधी राहण्याचा दाखला विचारू का?’’

त्या आठवड्यात टोकाच्या घरात एक जोडपं आलं होतं, लहान पोरगी घेऊन. बाई म्हणजे मुलगीच, पंचविशीची असेल. पहिल्याच संध्याकाळी समुद्रावरून आले आणि पॅसेजमध्ये चपला, बूट, पोरीचे बुटुकले सँडल, सगळ्याचा ढीग. सिस्टर बाहेर आली, पाय अडखळला, आणि तिने जो आवाज लावला तो खाली चेअरमनपर्यंत गेला असेल. ‘‘हे काय? पॅसेज आहे की उकिरडा? रात्री लाइट गेली आणि इथे कोणी पाय अडकून पडलं म्हणजे? जोडाला जोड लावायचा, भिंतीला टेकवायचा, आणि तोंड बाहेर. घाईत पाय सरळ आत गेला पाहिजे. पुन्हा असं दिसलं तर मी खाली फेकून देईन!’’

ती मुलगी इतकी ओशाळली की तिथेच बसून तिने सगळं नीट लावलं. ‘‘सॉरी सिस्टर, पुन्हा नाही होणार,’’ म्हणाली. नाव कोणी सांगितलं तिला, कोण जाणे. सिस्टर लगेच विरघळली. पोरीचं अंग कोमट लागत होतं, म्हणून आपला थर्मामीटर तिच्या हातात दिला. ‘‘काचेचा आहे, मोडलास तर तुला मोडीन.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला बाहेर पडले. सवयीने मधल्या दाराकडे बघितलं. चपला बाहेर तोंड करून, भिंतीला लावून, अगदी एका रेषेत. मनात आलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. खाली गेले, दूध घेतलं, तशीच बाजारात गेले, तिथे भाजीवालीशी भांडले, वर येऊन स्वयंपाक केला, जेवले आणि आडवी झाले.

डोळा लागतोय तोवर बेल. मी दार उघडलं ते पासवर्डच्या तयारीनेच. दारात ती मुलगी, हातात थर्मामीटर. ‘‘काकू, सिस्टर दार उघडत नाहीत. मी तीनदा आले.’’

‘‘झोपली असेल. एका कानाने ऐकू येत नाही तिला. ठेव तो इथे.’’

ती जाईना. ‘‘काकू, त्यांच्या न्हाणीघराची भिंत आमच्या खोलीला लागून आहे ना? सकाळपासून पाण्याचा आवाज येतोय. सतत. इतका वेळ कोण नळ सोडून ठेवतं?’’

आता सिस्टर म्हणजे ब्रश करताना नळ चालू ठेवला तर पाहुण्यांनाही ओरडणारी बाई. मी किल्ली शोधायला धावले. किल्ली कुठल्या खणात आहे ते मला चांगलं ठाऊक होतं, तरी ती सापडेना, शेवटी सगळा खण जमिनीवर ओतला.

सिस्टर न्हाणीघराच्या दारात पडली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. बादली भरून पाणी वाहत होतं आणि ती त्या पाण्यात पहाटेपासून होती. ओठ निळसर झालेले. मला वाटलं, गेली. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘पोस्टवाली, उशीर केलास.’’ मी खाली बसून तिला उचलायला गेले तर, ‘‘ओढू नकोस! उजवा हात मोडलाय. आधी नळ बंद कर. ब्लँकेट आण. मग गाडी बोलाव.’’ पडल्या पडल्या वॉर्ड चालवत होती. आणि मग एकदम बारीक आवाजात, तिचा वाटू नये अशा आवाजात तिने विचारलं, ‘‘चपला नाही का गं बघितल्यास?’’

‘‘बघितल्या,’’ मी म्हटलं. ‘‘फिरवलेल्या होत्या.’’

‘‘मी कुठे फिरवल्या? मी बाहेर आलेच नाही.’’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय, आणि मागून त्या मुलीचा आवाज आला. ‘‘त्या मी लावल्या. सकाळी आमच्या लावताना तुमच्याही उलट्या दिसल्या, म्हणून... तुम्हीच काल सांगितलं होतं ना, तोंड बाहेर...’’ काहीतरी भयंकर झालंय एवढं तिला आमच्या तोंडांवरून कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि दुसऱ्या क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. सिस्टर म्हणाली, ‘‘रडू नकोस. आतल्या कपाटात ब्लँकेट आहे, निळं. पळ.’’

खुबा वाचला. हात प्लास्टरमध्ये गेला, छातीत सर्दी भरली. लेक आली, दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या. आईला एका शब्दानेही बोलली नाही. मला ते बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. सिस्टरला तर जास्तच. ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘हिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी जिंकले असते.’’

तिसऱ्या दिवशी चेअरमन हॉस्पिटलात फळं घेऊन आले. चौकशी झाली, हळहळ झाली, मग हळूच गाडी रुळावर आली. ‘‘सिस्टर, रविवारी बैठक आहे. पाहुणे बंद करण्याचा ठराव मांडतोय. तुम्ही फक्त दोन वाक्यं बोला. पाहुण्यांनी चपला हलवल्या आणि त्यामुळे माझा जीव जाता जाता राहिला. बास. मग कोणाची हिंमत आहे विरोध करायची!’’ आणि जाता जाता, सांत्वन म्हणून की काय, म्हणाले, ‘‘शेवटी म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, पण काळ सोकावतो.’’

‘‘चेअरमन,’’ सिस्टर म्हणाली, ‘‘म्हातारी अजून मेलेली नाही.’’

ते गेल्यावर लेक पहिल्यांदा बोलली. खिडकीकडे तोंड करून बोलली. ‘‘आई, तुझा जीव एका चपलांच्या जोडावर टांगलेला होता, हे मला माहीत नव्हतं.’’ सिस्टरने लेकीला विचारलं, रोज सकाळ-संध्याकाळ कोणी माणूस खरंच घरात येऊन बघून जाणार असेल, तर? नुसत्या चपला नाही, मला. चार घरांनी वार वाटून घेतले, तर?

लेक खिडकीपासून वळली. ‘‘चार घरं उभी राहिली तर ठेवीन तुला,’’ म्हणाली. ‘‘मला हौस आहे का तुला उपटून न्यायची? पण ते लोकांनी स्वतः म्हटलं पाहिजे. तुझ्या धाकाने नाही.’’

तेव्हापासून रविवारपर्यंत सिस्टर नुसती उड्या मारत होती, म्हणजे पलंगावर जितक्या मारता येतात तितक्या. बोटांवर घरं मोजायची. चेअरमनकडे दोन सुना आहेत. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांच्या आईला तिने शेवटपर्यंत सलाइन लावलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरच्या पोराची टाळू भरेपर्यंत रोज बघायला जायची. ‘‘चार काय, आठ येतील. उलट वार कमी पडतील,’’ म्हणाली. मलाही वाटलं येतील. का नाही वाटणार? एवढ्या वर्षांत त्या इमारतीतला एक दंड तिने सुईवाचून सोडला नव्हता.

बैठक गच्चीवर झाली, सकाळी. सिस्टरला खुर्चीसकट वर नेलं. लेक तिच्या मागे उभी. बँकवालीचा मुलगाही आला होता, कठड्याला टेकून, कोणाकडे न बघता. चेअरमननी सुरुवात केली ती थेट चपलांपासून. असं काही रंगवून सांगितलं की मलाच वाटलं, त्या पाहुण्यांनी कट करून सिस्टरला ढकललं. बायका च्‌ च्‌ करत होत्या. मग ते म्हणाले, ‘‘आता सिस्टर स्वतःच सांगतील.’’

सिस्टर म्हणाली, ‘‘चपला त्या मुलीने फिरवल्या हे खरं. पण मीच तिला आदल्या दिवशी ओरडून शिकवलं होतं, चपला कशा लावायच्या. का लावायच्या ते नाही सांगितलं. माझ्या दारातल्या चपला पहाऱ्याच्या आहेत हे नाही सांगितलं. आणि मला बाहेर काढलं तेही तिनेच. पाण्याचा आवाज तिने ऐकला. मी पहाटेपासून दुपारपर्यंत त्या पाण्यात पडून होते तेव्हा या इमारतीत तीसेक माणसं तरी होती.’’

चेअरमन घसा खाकरून म्हणाले, ‘‘ते ठीक आहे. पण परके नसते तर हे घडलंच नसतं, हे तर मान्य?’’

‘‘मान्य,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘त्या घरात माझी मैत्रीण असती तर घडलं नसतं. पण ती वारली. तिला परत आणायचा ठराव असेल तर मांडा.’’

मग लेक पुढे आली. मुद्द्याचंच बोलली. ‘‘तुमचं भांडण तुम्ही मिटवा, पाहुणे ठेवा किंवा काढा. मला एवढंच सांगा, उद्यापासून माझ्या आईकडे सकाळ-संध्याकाळ घरात जाऊन कोण बघेल? चार घरं मिळाली तर मी तिला इथेच ठेवते. नाहीतर नेते. ज्यांना जमेल त्यांनी हात वर करा.’’

मी आजवर इतकी लांब शांतता ऐकलेली नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज. मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. ड्रायव्हरची बायको म्हणाली, ‘‘माझी शिफ्ट बदलते हो, कबूल करून चुकले तर?’’ मास्तर म्हणाले, घरात सासरे अंथरुणाला खिळलेत. खोटं नव्हतं, मी बघितलंय. चेअरमनच्या मोठ्या सुनेने धाकटीकडे बघितलं, धाकटीने जमिनीकडे. कोणीतरी म्हणालं, एखादी पगारी बाई ठेवा ना. चेअरमन उत्साहाने म्हणाले, ‘‘पॅसेजमध्ये कॅमेरा बसवू, मी ठराव मांडतो.’’ माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कोणीतरी हात वर करेल.

कठड्याकडून बँकवालीचा मुलगा म्हणाला, ‘‘मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगून ठेवीन, की सकाळी सिस्टरची बेल वाजवा. सिस्टर, मी खरंच सांगेन.’’ त्यावर सगळे इतके मोठ्याने ओरडले, नाटकी कुठला, आता पुळका आलाय, की त्याने तोंड मिटलं. जी माणसं आत्तापर्यंत मुकी होती त्यांना अचानक केवढा आवाज आला होता! मला संताप आला, इतका की मी काठी टेकून उभी राहिले आणि हात वर केला. ‘‘मी बघेन,’’ म्हटलं. ‘‘चारही घरांचे वार माझ्यावर घाला.’’

लेक माझ्याजवळ आली. तिने माझा वर केलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच खाली आणला. ‘‘काकू,’’ म्हणाली, ‘‘तुम्ही पडलात तर आई तुम्हाला उचलू शकेल का?’’ मला तिचा रागही करता येईना.

मी सिस्टरकडे बघितलं. ती एकेक चेहरा बघत होती, वॉर्डातल्या राउंडसारखी सगळ्यांवरून नजर फिरवत. रडली नाही. म्हणाली, ‘‘चला, घ्या तुमचा ठराव. ऊन चढतंय.’’

ठराव मांडला गेला आणि हात वर झाले. सगळे. इकडचे, तिकडचे, मास्तरांचा, ड्रायव्हरच्या बायकोचा, दोन्ही सुनांचा, खटाखट. चेअरमनना मोजायचीही गरज पडली नाही. त्या हातांतल्या कित्येक हातांना सिस्टरने पट्ट्या बांधल्या होत्या. मी माझा हात पदराखाली धरून बसले होते.

पुढच्या आठवड्यात लेक तिला घेऊन गेली. इमारत झाडून खाली निरोपाला आली, खरंच आली. बायकांनी डोळे पुसले, चेअरमननी सामान स्वतः गाडीत चढवलं. सिस्टरने प्रत्येकाला काहीतरी बजावलं, मीठ कमी खा, ते औषध उपाशीपोटी घेऊ नकोस. माझ्यापाशी आली. डाव्या हाताने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि गाडीत बसली.

पाहुणे बंद झाले. बँकवालीचा मुलगा घर विकायला काढतोय म्हणे, तोवर कुलूप. मधल्या दारालाही कुलूप. परवा जिन्यात चेअरमन भेटले. ‘‘काय काकू, आता किती शांत झालं ना तुमच्या मजल्यावर!’’ माणूस मनापासून म्हणत होता. एरवी मी त्याला असा धुतला असता की त्याने घरी जाऊन दोन ठराव मांडले असते. पण माझ्या तोंडून ‘हो’ गेलं. आता मजल्यावर मी एकटीच आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. मलाही त्याची आठवण करून द्यायची लाज वाटली.

सिस्टर आता रोज सकाळी फोन करते. ‘‘उठलीस का?’’ एवढंच. मी म्हणते, ‘‘उठले.’’ मग दोघी जावयाच्या चहाला नावं ठेवतो, तो इतका पातळ करतो म्हणे की कपाचा तळ दिसतो. तिथे शेजारच्या एका बाईचं प्रेशर बघायला तिने सुरुवात केली आहे. मला बरं वाटलं ऐकून.

काल फोनवर मी सहज विचारलं. म्हणजे सहज नाही, चार दिवस मनात होतं. ‘‘सिस्टर, समजा तू फोन केलास आणि मी उचललाच नाही, तर तू इथे कोणाला फोन करशील?’’

मला वाटलं, फोन कट झाला. ज्या बाईला मी जन्मात कधी उत्तर शोधताना पाहिलं नाही, ती पलीकडे घरं मोजत होती, मला इथे तिचा श्वास ऐकू येत होता.

‘‘उचलायचा फोन,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘न उचलायला काय झालं? रोज उचलायचा, कळलं?’’

‘‘कळलं,’’ मी म्हटलं.